दोन नॉटांचा प्रवाह

भर समुद्रात आपण नेमके कुठे आहोत, हे शोधायचा सगळ्यात जुना उपाय म्हणजे अंदाज. ढगांमुळे सूर्य नाही, तारे नाहीत, किनाऱ्याचा पत्ता नाही. मग माणसाने करायचं काय? शेवटचं दीपगृह किती वाजता दिसलं ते बघायचं, तिथून कोणत्या दिशेने निघालो, किती वेगाने आलो, किती तास झाले याचा गुणाकार करायचा, नकाशावर एक फुली मारायची आणि छातीवर हात ठेवून म्हणायचं, आपण इथे आहोत. दर्यावर्दी याला डेड रेकनिंग म्हणतात, आपण अंदाजपंचे म्हणू. हसू नका. आकाशातून जागा सांगणारी यंत्रं येण्याआधी अर्धी दुनिया अशीच चालायची, आणि बऱ्यापैकी पोचायचीही.

या हिशोबाची अट एकच. त्यात घातलेला वेग खरा पाहिजे. आणि आपल्या गोष्टीतल्या कंपनीचं घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं.

कंपनीची बारा मालवाहू जहाजं होती, सगळी एका साच्यातली. नवी होती तेव्हा त्यांचा पाण्याखालचा पंखा मिनिटाला ऐंशी फेरे घेई आणि जहाज तासाला बारा मैल, म्हणजे बारा नॉट, पळे. तसा तक्ता छापून, काचेत बसवून प्रत्येक जहाजाच्या नकाशाच्या खोलीत टांगला होता. पुढे तेवीस वर्षं गेली. जहाजांच्या बुडाला कालवं चिकटली, इंजिनांना धाप लागायला लागली, ऐंशी फेऱ्यांत दहा नॉट निघाले तरी नशीब म्हणायची पाळी आली. तक्ता मात्र काचेत होता, त्याचं काही बिघडलं नाही. हेड ऑफिसचा त्या तक्त्यावर देवासारखा विश्वास. नोंदवहीत कुणी दहा लिहिले की खुलासा मागणारं पत्र यायचं. मग दुसरं यायचं. तिसऱ्या पत्रानंतर तो कप्तान बंदरातल्या गोदामावर देखरेख करताना दिसायचा. तेव्हा सगळे शहाणे झाले आणि बारा लिहायला लागले.

आता तुम्ही म्हणाल, वेग मोजायला काही साधन नव्हतं का? होतं की. दोरीला बांधून जहाजाच्या मागे पाण्यात सोडायचा एक पितळी भोवरा असे. तो गरगर फिरे आणि आपण किती मैल पाणी कापलं ते वरच्या घड्याळावर दाखवी. हा भोवरा खरं बोलायचा, म्हणून त्याला कुणी पाण्यात सोडत नसे. खणात ठेवून नोंदवहीत लिहायचं, 'भोवरा मोठ्या माशाने तोडून नेला.' बारांपैकी अकरा जहाजांचे भोवरे असे माशांनी नेले होते. त्या समुद्रातले मासे पितळेवरच पोसलेत, अशी हेड ऑफिसची समजूत झाली असावी.

मग अशा थापा मारून जहाजं फुटत कशी नव्हती? तर प्रत्येक नकाशावर दोन फुल्या पडत. शाईची फुली बारा नॉटांची, साहेबांना दाखवायला. पेन्सिलीची दहाची, जीव वाचवायला. बंदर जवळ आलं की पेन्सिलीची खोडायची आणि उशीर झाला तो धुक्याच्या नावावर टाकायचा. अळीमिळी गुपचिळी.

यांतल्या एका जहाजावर पेन्सिल सांभाळायचं काम मेहुणेबुवांकडे होतं. नोकरीने ते सेकंड मेट, म्हणजे जहाजाची वाट आखणारे अधिकारी. पण कप्तानाच्या बायकोचे ते धाकटे भाऊ, त्यामुळे खलाशी मागे त्यांना मेहुणेबुवा म्हणत, आणि पुढेपुढे समोरही म्हणायला लागले. ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या वरच्या खोलीत, ते कप्तानाला 'कप्तानसाहेब' म्हणत आणि केबिनचं दार लागलं की 'भाऊजी'. माणूस कामाला चोख होता. पेन्सिलीची टोकं सुईसारखी ठेवायचे. बारा वर्षं सेकंड मेट होते आणि पुढची बढती भाऊजींच्या शिफारशीवर अडली होती.

एका फेरीला जहाजावर हेड ऑफिसचे निरीक्षक चढले. गोल चेहरा, चकचकीत बूट, बगलेत रजिस्टर. काम काय, तर नकाशे नीट भरले जातात की नाही ते बघणं. आता निरीक्षकाच्या नाकासमोर दुसरी फुली कुठे मारणार? मेहुणेबुवा पेन्सिलीचा हिशोब खिशातल्या पाकिटाच्या पाठीवर करू लागले.

त्या वाटेवर एक जागा वाईट होती. दुपारी बाराला दीपगृह मागे टाकायचं, सरळ दोनशे चाळीस मैल जायचं आणि उजवीकडे वळायचं. वळायच्या आधी उजव्या हाताला पाण्याखाली खडकांची रांग होती, तिला सगळे सुळे म्हणत. लवकर वळलात तर सुळ्यांवर. आणि वळायचं विसरून पुढे गेलात तर वीस मैलांवर समोर बेट. तिथे वर्षातले आठ महिने ढग आणि धुकं, त्यामुळे भरवसा फक्त गुणाकाराचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता निरीक्षक चहाचा कप घेऊन ब्रिजवर आले, शाईच्या फुलीवर पट्टी ठेवली आणि खूश होऊन म्हणाले, "वीस तास झाले. बारा गुणिले वीस, दोनशे चाळीस. कप्तान, वळायची वेळ झाली."

शाईचं जहाज वळणावर पोचलं होतं. लोखंडाचं जहाज मात्र अजून चाळीस मैल मागे होतं, आणि त्याच्या उजव्या हाताला, धुक्यात, सुळे होते. ब्रिजवरच्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. सुकाणू धरलेल्या खलाशाने चाक दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं. कप्तान काचेतून बाहेर बघत राहिले. वळावं तर जहाज जातं, न वळावं तर नोकरी जाते. इकडे आड, तिकडे विहीर.

"कप्तान?" निरीक्षक म्हणाले.

"हो, म्हणजे वळायला तर हवंच," कप्तान म्हणाले, आणि त्यांनी हळूच मेहुण्याकडे बघितलं. ती नजर मेहुणेबुवांनी आधी एकदाच बघितली होती, ताईच्या लग्नात, नवरदेवाचं पैशांचं पाकीट सापडत नव्हतं तेव्हा.

"साहेब, प्रवाह धरायला हवा," मेहुणेबुवा बोलून गेले.

"कसला प्रवाह?"

"समोरून येतोय. दोन नॉटांचा. म्हणजे बारातून दोन गेले, आपण दहानेच पुढे सरकतोय. वळण यायला अजून चार तास आहेत."

निरीक्षकांनी नकाशा बघितला. "इथे तर काही दाखवलेला नाही. तुम्हाला कसा कळला?"

"पाण्याचा रंग बदललाय, साहेब."

निरीक्षक काचेपाशी गेले. बाहेर पाणी कालच्याइतकंच राखाडी होतं. त्यांनी डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. "हो, बदललाय खरा."

"मी कालपासून हेच म्हणतोय," कप्तान म्हणाले.

जहाज बारा वाजता वळलं आणि सुखरूप बाहेर पडलं. एकोणीस माणसांचे जीव त्या एका थापेने वाचले, हे कुणी नाकारू नये. मेहुणेबुवांना वाटलं, झालं, संपलं. पण निरीक्षकासारखा माणूस हाती लागलेली गोष्ट सोडतो होय? संध्याकाळच्या आत त्यांनी 'समुद्रविषयक नवीन माहिती' असा तीन प्रतींचा फॉर्म पुढे केला. मेहुणेबुवांनी ठिकाण लिहिलं, दिशा लिहिली आणि वेगापुढे लिहिलं, 'अंदाजे दोन नॉट'. निरीक्षकांनी 'अंदाजे' खोडलं. म्हणाले, असले ढिले शब्द कंपनीत चालत नाहीत.

तीन महिन्यांत परिपत्रक निघालं. त्यावर बाकीच्या जहाजांचे अभिप्राय मागवले, आणि काय सांगू, दहा जहाजांनी दुजोरा दिला. देणार नाहीत तर काय करतील? त्यांना तर घबाडच सापडलं होतं. आता खुशाल बारा लिहायचे, दोन वजा करायचे, आणि शाई आपोआप पेन्सिलीच्या जागेवर येऊन बसायची. उशिराचा खुलासा नाही, खाडाखोड नाही. एका कप्तानाने कळवलं की थंडीत प्रवाहाचा जोर सव्वादोन असतो. दुसऱ्याने कळवलं की पाणी हाताला जरा गारही लागतं. वर्षअखेर नवीन नकाशे छापून आले तेव्हा त्या जागी सुंदर निळा बाण होता.

मेहुणेबुवांना बढती मिळाली. ताई शेजारणींना सांगायची की आमच्या भावाने समुद्रात नदी शोधली. सुरुवातीला मेहुणेबुवांना तो बाण बघून कसंतरी व्हायचं, मग सवय झाली. दोन थापा एकमेकींना कापतात, जहाजं वेळेवर वळतात, आपण कुणाचं काय घोडं मारलंय, असं ते मनाशी म्हणत.

आता राहिलं बारावं जहाज. त्याच्या सेकंड मेटला सगळे गुरुजी म्हणत. जाड भिंगांचा चष्मा, हळू बोलणं, अक्षर मोत्यासारखं. बाराही जहाजांत हा एकच माणूस भोवरा पाण्यात सोडायचा. भोवरा दहा सांगे आणि गुरुजी दहा लिहीत. खुलासा मागितला की चार पानी खुलासा पाठवत, त्यात कालवांची जाडीसुद्धा मोजून दिलेली असे. त्यांना गोदामावर पाठवायचा विचार चालूच होता, तेवढ्यात त्यांच्या हातात नवीन नकाशा पडला. गुरुजी छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणारे, आणि या वाटेवर त्यांची ही पहिलीच खेप. त्यांनी भोवऱ्याच्या खऱ्या दहातून छापील दोन वजा केले, आठ आले, आणि आठाने दोनशे चाळीसला भागून ठरवलं की दीपगृहापासून तीस तासांनी वळायचं.

जहाज खरोखरच दहाने चाललं होतं. चोविसाव्या तासाला वळण मागे पडलं. सव्विसाव्या तासाला, दुपारी दोन वाजता, भर धुक्यात ते बेटावर चढलं. माणसं होड्यांतून वाचली. जहाज दोन दिवसांत दुभंगलं.

मेहुणेबुवांनी ही बातमी बंदरात उभ्या-उभ्या ऐकली. त्यांनी खिशातलं पाकीट काढून त्याच्या पाठीवर भागाकार केला. पहिल्याच फटक्यात उत्तर आलं.

चौकशी बसली. प्रश्न एकच होता, गुरुजींचं सर्टिफिकेट ठेवायचं की काढून घ्यायचं. ते गेलं की समुद्र कायमचा बंद. आणि प्रवाहाचे शोधक म्हणून साक्षीला बोलावलं मेहुणेबुवांना.

साक्षीच्या आदल्या दुपारी ते ताईकडे गेले. भाऊजी टेबलावर कागद पसरून बसले होते. निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

"खरं सांगावं म्हणतोय," मेहुणेबुवा म्हणाले.

ताई कपड्यांच्या घड्या करत होती, तिचे हात थांबले. "म्हणजे काय सांगणार?"

"प्रवाह नाही म्हणून. तो मी काढला म्हणून."

"मग ते विचारतील, बारा कुठून आणले," भाऊजी म्हणाले. "वीस वर्षांच्या नोंदवह्यांवर माझी सही आहे. माझं सर्टिफिकेट जाईल, तुझंही जाईल. आपलेच दात, आपलेच ओठ."

"भाऊजी, तो माणूस एकटा खरं लिहीत होता."

"त्याला कुणी सांगितलं होतं?" ताई म्हणाली. तिला ते रागाने म्हणायचं नव्हतं, ती खरंच विचारत होती.

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. "आणि काय रे, प्रवाह नसेलच कशावरून? दहा जहाजांना लागलाय. मला स्वतःला जाणवतो अलीकडे." मेहुणेबुवांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. भाऊजी थट्टा करत नव्हते.

सकाळी चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर गुरुजी बसले होते, मांडीवर फाइल, शर्ट स्वच्छ इस्त्रीचा. मेहुणेबुवांना बघून ते उठून उभे राहिले.

"तुमचा अहवाल मी सात वेळा वाचला," ते म्हणाले. "तुम्ही म्हटलंय, पाण्याच्या रंगावरून प्रवाह ओळखला. त्या दिवशी मी सकाळपासून पाण्याकडेच बघत होतो. मला काही फरक दिसला नाही. माझी नजर अधू, त्यात अनुभव तुमच्याएवढा नाही. ओळखता आला असता तर कदाचित त्या दिवशी तो मंद आहे हे कळलं असतं. तसंच सांगणार आहे मी आत. उगीच दुसऱ्यावर कशाला ढकलायचं?"

बढती, भाऊजी, ताई, सगळं रात्रभर तोलून मेहुणेबुवांनी गप्प बसायचं ठरवलं होतं. ते ठरवलेलं तिथल्या तिथे मोडलं.

आत तिघे जण बसले होते, मधोमध अध्यक्ष. भिंतीवर निळ्या बाणाचा नकाशा. बाजूच्या खुर्चीत तेच निरीक्षक, आता मुख्य निरीक्षक झालेले. गुरुजींनाही एका कडेला बसवलं होतं.

"या प्रवाहाविषयी आम्हाला सांगा," अध्यक्ष म्हणाले.

"प्रवाह नाही, साहेब," मेहुणेबुवा म्हणाले. "कधीच नव्हता. आमचं जहाज दहाने चालतं आणि आम्ही बारा लिहितो. त्या दिवशी पकडले जाऊ म्हणून मी दोन नॉट मनाने काढले. यांनी खरा वेग धरला, म्हणून हे फसले. यांची काही चूक नाही."

गुरुजी चष्म्याआडून त्यांच्याकडे बघत होते.

"दहा जहाजांनी दुजोरा दिलाय," अध्यक्ष म्हणाले.

"त्यांनाही हवाच होता, साहेब."

"मी स्वतः पाण्याचा रंग बघितलाय," मुख्य निरीक्षक म्हणाले.

अध्यक्षांनी चहाची सुट्टी जाहीर केली. सुट्टी पाऊण तास चालली. दाराआडून आवाज येत होते. प्रवाह नाही म्हटलं तर अकरा कप्तान खोटे ठरतात, तक्ता खोटा ठरतो, हेड ऑफिस खोटं ठरतं आणि नकाशा पुन्हा छापावा लागतो. प्रवाह आहे म्हटलं तर एकच माणूस चुकतो. तुम्हीच सांगा, एवढ्या मोठ्या माणसांनी काय निवडावं?

निकाल वाचून दाखवला. प्रवाह सिद्ध झालेला आहे. साक्षीदाराने सहकाऱ्याच्या दयेपोटी भावनेच्या भरात विधान केलं, त्याला पंधरा दिवसांची विश्रांतीची रजा द्यावी. अधिकाऱ्याने तक्त्यातला प्रमाणित बारा नॉट वेग डावलून पितळी भोवऱ्यावर विसंबल्याने अपघात घडला, सबब त्याचं सर्टिफिकेट रद्द करण्यात येतं. भोवरे सर्व जहाजांवरून काढून घ्यावेत.

मेहुणेबुवांचं काहीच गेलं नाही. खरं बोलायचं धाडस करताना आपण काय गमावणार याची त्यांनी मनात यादी केली होती. त्यातली एकही गोष्ट कुणी मागितली नाही, आणि त्यामुळे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर गुरुजी पायरीवर उभे होते. फाइल बगलेत तशीच होती.

"आत बोललात ते माझी कीव येऊन बोललात, की खरं?" त्यांनी विचारलं.

"खरं. शपथेवर खरं. मला माफ करा."

"म्हणजे माझा भागाकार बरोबर होता."

"अगदी बरोबर होता."

"अपघात झाल्यापासून माझी मुलगी रोज पाटी घेऊन बसते," गुरुजी म्हणाले. "सहावीत आहे. म्हणते, बाबा, आपण दोघं मिळून तुमची चूक शोधू, म्हणजे पुढच्या वेळी होणार नाही. रोज दोनशे चाळीसला आठाने भागते. काल मी तिला म्हटलं, उद्या साहेब लोक शोधून देतील."

ते एक पायरी उतरले आणि पुन्हा थांबले.

"आता घरी गेलो की ती दारातच विचारेल, कुठे चुकलं होतं ते," ते म्हणाले. "मी काय सांगू तिला?"